चोवीस शब्द

मोतीराम सरांना झटका आला तेव्हा ते आरशासमोर दाढी करत होते. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, आणि तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला, ‘बरोबर’. भूक लागली का विचारलं तरी बरोबर, नाही लागली का विचारलं तरी बरोबर. दवाखान्यातून त्यांना सिडकोतल्या घरी आणलं तेव्हा पहिले दोन दिवस लीलाबाईला वाटलं, चाळीस वर्षांत या माणसानं आपल्याला एकदाही बरोबर म्हटलं नाही. आता म्हणतोय तर ऐकून घ्यावं.

पोराला आणि सुनेला मात्र त्या तोंडातून वेगळंच काही हवं होतं.

लीलाबाईचं माहेर बिडकीनचं. वडिलांची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा भावांनी बहिणींचा वाटा प्रामाणिकपणे दिला. सरांनी कागदावर बोट ठेवलं, तिनं तिथं सही केली, आणि तो पैसा तिनं पुन्हा पाहिला नाही. ‘तुझ्या पोटात काही राहत नाही, तुला सांगून काय करू,’ असं सर म्हणाले. त्या पैशाचं त्यांनी बिटकॉइन घेतलं. आधी ते मोबाइलमध्येच होतं. एकदा सर आंघोळीला गेलेले असताना आकाशनं, त्यांच्या मुलानं, फोन उघडून त्यातलं थोडं आपल्या खात्यात वळवलं. सरांनी त्याला काही बोल लावला नाही. टीव्ही सेंटरच्या चौकापाशी कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या सत्यम नावाच्या जुन्या विद्यार्थ्याकडे ते गेले आणि आठ दिवसांत एक हार्डवेअर वॉलेट मागवलं. बोटभर लांबीची डबी, तिच्यावर नखाएवढा पडदा आणि दोन बटणं. सत्यमनं त्यांना सांगितलं होतं की डबी बनवणाऱ्याकडूनच घ्यायची, कोणी वापरलेली घ्यायची नाही. सुरू केल्यावर ती चोवीस इंग्रजी शब्द दाखवते, ते कागदावर उतरवायचे, त्यांचा फोटो काढायचा नाही, कुणाला दाखवायचे नाहीत. डबी हरवली, जळाली तरी हरकत नाही, नव्या डबीत ते चोवीस शब्द क्रमानं भरले की पैसा परत हातात येतो. आणि ते शब्द ज्याच्याकडे, पैसा त्याचा.

सरांनी कागद डिक्शनरीत ठेवला. महिनाभरानं सुनेला, राजनंदिनीला, तो सापडला आणि तिनं त्याचा फोटो काढला. कागदाची घडी उलटी पडलेली पाहून सरांना ते कळलं. त्याच संध्याकाळी त्यांनी डबी पुसून नवे चोवीस शब्द घेतले, सगळा पैसा त्या नव्या शब्दांवर हलवला, महिनाभर ते पाठ केले आणि कागद गॅसवर जाळला. जळताना लीलाबाई शेजारी भाकरी थापत होती. ‘आता घ्या म्हणावं फोटो,’ एवढंच ते बोलले. तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीच्या दाराआडून त्यांची घोकंपट्टी ऐकू यायची. लेमन, लॅडर, ऑर्फन... पुढचं पाण्याच्या आवाजात बुडून जायचं. शेजारीण विचारायची, सर इंग्रजीत स्तोत्र म्हणतात का.

झटक्यानंतर चौथ्या दिवशी आकाशनं कपाटातून डबी काढली. तिला आकड्यांचं कुलूप होतं. त्यानं बापाची जन्मतारीख घातली, मग स्वतःची, मग घराचा नंबर, आणि तिसऱ्या चुकीला डबीनं स्वतःला पुसून टाकलं. सरांच्या फोनवर मात्र आकडा दिसतच राहिला, रोज थोडा वर, थोडा खाली, बाहत्तर लाखांच्या आसपास. बघता यायचं, हात लावता यायचा नाही. आकाशनं रिकामी डबी टीव्हीखालच्या खणात फेकली आणि झेरॉक्सच्या दुकानातून छापील कागदांचा गठ्ठा आणला. चोवीस शब्द ज्या यादीतून निवडले जातात तीच ही यादी होती. दोन हजार अठ्ठेचाळीस शब्द, ए पासून झेड पर्यंत.

‘एकेक वाचायचा. बाबांच्या शब्दाला ते काहीतरी करतीलच ना,’ आकाश म्हणाला.

दुपारी राजनंदिनी वाचायची, संध्याकाळी कंपनीतून आल्यावर आकाश. सर पलंगावर उशीला टेकून बसलेले, डावा हात मांडीवर. अबँडन. बरोबर. अबिलिटी. बरोबर. एबल. बरोबर. पहिले काही दिवस दोघांनी सबुरीनं घेतलं. मग राजनंदिनीनं नियम केला की पान संपल्याशिवाय चहा नाही. मग पान संपल्याशिवाय चष्मा नाही. एकदा सरांनी अंथरूण ओलं केलं तेव्हा ती म्हणाली, अजून चाळीस शब्द राहिलेत, झाले की बदलू. ते चाळीस शब्द व्हायला पाऊण तास लागला. लीलाबाई दारात धुतलेली चादर घेऊन उभी होती. तिला आत जाता आलं असतं. ती गेली नाही.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला प्रेरणा नावाची एक बाई आठवड्यातून दोनदा यायची. तिनं ती यादी पाहिली आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. आकाशनं फी वाढवून देतो, पण हेच शब्द घ्या, असं सांगितलं. ती बॅग उचलून उठली. जाताना चपला घालता घालता तिनं लीलाबाईला समजावलं की सरांना विचारून उत्तर काढू नका, हो आणि नाही यातला फरकच त्यांच्या ताब्यात राहिलेला नाही. पण पूर्वी पाठ केलेलं, लयीत म्हटलेलं असं काही असेल, पाढे, प्रार्थना, तर सुरुवात करून द्या. गाडी ढकलल्यासारखं पुढचं आपोआप येतं. सुटा एखादा शब्द मात्र येणार नाही.

लीलाबाईनं हे आकाशला सांगितलं नाही. 

सरांना आंघोळ घालायचं काम तिचं होतं. नळाला आठव्या दिवशी पाणी, त्यामुळं ती लोटे मोजून घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एक, दोन, तीन असं मोठ्यानं मोजलं आणि थांबली. खुर्चीवर बसलेले सर चार, पाच, सहा म्हणत वीसपर्यंत गेले. स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले. लीलाबाईनं न्हाणीचं दार लावून घेतलं, त्यांच्या कानाशी वाकली आणि सावकाश म्हणाली, ‘लेमन, लॅडर, ऑर्फन.’

सर पुढं म्हणू लागले.

सात शब्द आले आणि अडकले. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आता नऊ आले. सरांना ती काय करतेय ते कळलं असावं, कारण त्यांनी ओठ गच्च मिटले आणि मान हलवायला लागले. पण तिनं ते तीन शब्द त्याच ठेक्यात उच्चारले की त्यांचं तोंड त्यांचं राहायचं नाही. दात आवळलेले, डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून एकामागून एक शब्द.

लग्नानंतर पहिल्या वर्षी सर तिला शिकवणीच्या पोरांसमोर उभं करायचे. सातवी पास बायको. किचनचं स्पेलिंग सांग. ती चुकली की हातावर पट्टी, आणि पोरं हसली की सरही हसायचे. यूजलेस, म्हणायचे. ही यूजलेस आहे, पोरांनो, तुम्ही होऊ नका. तिची आई बिडकीनला शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा पोरांची सहामाही होती, म्हणून सरांनी तिला तीन दिवस सोडलं नाही. ती पोचली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

आता ती रोज सकाळी न्हाणीत म्हणायची, ‘म्हणा. पुन्हा म्हणा. पयल्यापासून.’ सगळं धड म्हटल्याशिवाय टॉवेल द्यायची नाही. थंडीचे दिवस होते. सरांची डावी मांडी थरथरायची ती पाहत ती लोटा हातात धरून उभी राहायची. बाहेर आल्यावर ऐकलेले शब्द कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मराठीत लिहायची आणि ते पान बाजरीच्या पिठाच्या डब्यात तळाशी घालायची. तेरा दिवसांत चोवीस शब्द झाले. एकोणिसावा यूजलेस होता. तो तिला दुसऱ्यांदा ऐकावा लागला नाही.

तिकडे पलंगावर यादी चालूच होती. आकाश एम पर्यंत आला होता. एका संध्याकाळी मँगोला सर बरोबर म्हणाले, मॅन्शनला बरोबर म्हणाले, आणि आकाशनं कागद खाली ठेवून बापाच्या तोंडात मारली. आवाज फार झाला नाही. मग तो स्वतःच बाहेर जाऊन गॅलरीत बसला. लीलाबाईनं सरांच्या ओठावरचं रक्त पदरानं टिपलं. पिठाच्या डब्यातलं एक पान आणून दिलं असतं तर हे सगळं त्याच क्षणी थांबलं असतं. सर तिच्याकडे पाहत होते आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. तिनं पदर झटकला आणि भात टाकायला गेली.

पुढच्या आठवड्यात तिनं टीव्हीखालच्या खणातून रिकामी डबी उचलली. कुणी विचारलं नसतं, ती त्यांच्या लेखी कचरा होती. सुनेनं वाचून टाकलेली पानंही तिनं रद्दीतून काढून घेतली होती, आणि उरलेली दुपारी सून झोपली असताना बघून घ्यायची. आपल्या मराठी अक्षरातला शब्द, त्याच्यासारखा वाजणारा यादीतला शब्द, आणि त्याची पहिली चार अक्षरं. एवढं इंग्रजी सरांच्या पट्टीनं तिच्या हातात घातलं होतं. मग दवाखान्याच्या गोळ्या आणायच्या म्हणून ती टीव्ही सेंटरला सत्यमच्या दुकानात गेली.

सत्यम चाळिशीला आलेला, पोट सुटलेला, सरळ माणूस. काकू म्हणून त्यानं खुर्ची दिली. तिनं डबी टेबलावर ठेवली आणि शब्द मिळालेत असं सांगितलं. तिनं पिशवीत हात घातला तसा तो घाईनं उठला.

‘काकू, मला दाखवू नका. मला काय, कुणालाच नाय. उद्या कुणी फोन करून म्हणालं की मी कंपनीतून बोलतोय, शब्द सांगा, तर तो चोर. मी मागितले तर मीही चोर.’

त्यानं तिला आतल्या खोलीत, भिंतीकडे पाठ करून, कॅमेरा नाही अशा जागी बसवलं. डावं बटण, उजवं बटण, दोन्ही एकदम दाबली की होकार, एवढं दाखवून तो बाहेर गेला. आधी आकड्यांचं कुलूप नवं घालायचं होतं. तिनं आई गेली ते वर्ष घातलं. मग एकेक अक्षर. एल येईपर्यंत बटण दाबत राहायचं, मग ई, मग एम. तीन-चार अक्षरं झाली की डबी स्वतःच पूर्ण शब्द पुढं करायची. तिला दीड तास लागला. चोविसावा शब्द घातल्यावर डबीनं सांगितलं की शब्द चुकीचे आहेत.

तिनं सत्यमला हाक मारली नाही. कागद मांडीवर घेऊन ती विचार करत राहिली. सरांचं तोंड वाकडं, त्यातून येणारा शब्दही वाकडा. अकरावा तिनं फ्लॉवर धरला होता. यादीत त्याच्याच वर फ्लोअर होता. तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळे भरले आणि अकराव्याला फ्लोअर घातला. आता डबी उघडली.

सत्यमनं ती आपल्या कॉम्प्युटरला जोडली, पडद्यावरचा आकडा दोनदा तपासला. मग त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. साडेआठ हजार रुपये.

‘फोनवर तर बाहत्तर लाख दिसतात,’ लीलाबाई म्हणाली.

सत्यमनं कपाळ चोळलं. मग त्यानं सांगितलं की सरांनी पंचविसावा शब्द लावलेला दिसतो. तो डबी देत नाही, माणूस स्वतःच्या मनानं ठरवतो. चोवीस शब्दांनी एक दार उघडतं, आणि चोवीस अधिक तो एक, यानं दुसरंच. पहिल्या दारामागं थोडे पैसे मुद्दाम ठेवतात. कुणी मानेवर सुरी ठेवली तर चोवीस सांगून टाकायचे, चोर तेवढे घेऊन जातो.

‘तो शब्द यादीतला असंल?’

‘यादीतला असायलाच पाहिजे असं नाय. काहीही चालतं. मराठी, इंग्रजी, अख्खं वाक्य. मोठं अक्षर, छोटं अक्षर, मध्ये जागा, सगळं धरतात. आणि चुकला तर डबी चुकला म्हणत नाय, काकू. दरवेळी एक नवीन रिकामं दार उघडून देते.’

‘पाठ केल्यावानी सोबत म्हणत असतील तर?’

‘चोविसाच्या पुढं काही म्हणतात का?’

लीलाबाईनं नाही म्हणून मान हलवली. चोवीस झाले की सर गप्प व्हायचे. चोविसाव्यालाच ती त्यांना टॉवेल द्यायची. प्रेरणा चपला घालताना काय म्हणाली होती ते तिला आठवलं, सुटा शब्द येणार नाही. ती उठली. सत्यमनं कामाचे पैसे घेतले नाहीत, चहा घ्या म्हणाला. तिनं चहा घेतला, गोळ्या घेतल्या आणि चालत घरी आली.

चालताना तिला दुसरंच काही सुचत होतं. दोन वर्षं सर रोज सकाळी दार लोटून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात ते शब्द म्हणत होते. घरात फोटो काढणारी सून, फोन उघडणारा पोरगा. डिक्शनरीत कागद ठेवायलाही घाबरणारा माणूस मोठ्यानं का घोकत होता? ते ऐकू यावं म्हणूनच घोकत होता. ऐकणाऱ्यात ती पण धरलेली होती.

घरी दुपारचं पान वाचून राजनंदिनी झोपली होती. सर एकटेच होते. लीलाबाईनं दार लावलं, पलंगाशी स्टूल ओढलं आणि डबी त्यांच्या मांडीवर ठेवली.

‘साडेआठ हजार निघाले,’ ती म्हणाली. ‘माझ्या बापाच्या जमिनीचे.’

सरांनी डबीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. आधी तिला वाटलं रडतायत. मग खांदा हलायला लागला, घशातून खर्र खर्र आवाज आला, आणि तिला दिसलं की ते हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच. शिकवणीच्या पोरांबरोबर हसायचे तसेच, मान थोडी मागं टाकून. हसता हसता त्यांना ठसका लागला. तिनं पाणी दिलं. पाणी पिऊन ते पुन्हा हसले.

ती शांतपणे त्यांचं हसणं संपेपर्यंत बसली. मग डबी उचलून पिशवीत ठेवली आणि भाजी निवडायला घेतली.

संध्याकाळी आकाश आला तेव्हा तिनं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पिठाच्या डब्यातलं पान आणि डबी त्याच्या हातात दिली. सगळं सांगितलं, न्हाणी, सत्यमचं दुकान, कुलपाचे नवे आकडे, साडेआठ हजार, पंचविसावा शब्द. फक्त प्रेरणाचं बोलणं सांगितलं नाही. आकाश आधी चिडला, इतके दिवस गप्प कशी राहिलीस म्हणाला. मग चिडणं ओसरलं आणि त्याच्या डोळ्यांत एक वेगळीच धग आली.

‘म्हणजे आता एकच शब्द पाहिजे,’ तो म्हणाला.

‘व्हय. एकच. त्यांना ठावं हाये तो.’ तिनं कुकरचं झाकण लावलं. ‘मी त्यांना आज इचारलं तर ते हसले. लई हसले. सांगायचं नाय म्हणून हसले.’

त्या रात्रीचं जेवण होण्याआधीच छापील यादी रद्दीत गेली. यादीला शेवट होता, झेड आला असता की संपली असती. आकाशनं कोरी वही काढली. देवांची नावं, गावांची नावं, शाळेतल्या मुलांची नावं, हजेरीपटावरची, झाडांची, गाड्यांची. प्रत्येक नाव बापाच्या तोंडासमोर धरायचं, बापानं बरोबर म्हटलं की डबीत भरायचं, रिकामं दार उघडलं की खोडायचं. राजनंदिनीनं सुचवलं की हसण्याएवढी अक्कल शाबूत असेल तर त्यांना नीट विचारायला हवं, आणि नीट म्हणजे काय ते तिनं दुसऱ्या दिवशी सकाळपासून ठरवलं. चष्मा पूर्णच बंद झाला. दिवसा झोपू द्यायचं नाही असं ठरलं. डोळे मिटले की ती गालावर ओला फडका मारायची.

तिसऱ्या दिवशी लीलाबाईनं दोन पातळं पिशवीत भरली. तिची धाकटी बहीण सत्यभामा देवगाव रंगारीला असते. लग्नानंतर तिच्याकडे रात्रीची वस्ती म्हणून लीलाबाई कधी राहिली नव्हती, सर परतीच्या गाडीची वेळ सांगूनच सोडायचे. निघताना ती खोलीत गेली. सरांनी डाव्या हातानं तिचा पदर धरला. तो हात अजून चांगला दणकट होता. ते काही बोलले नाहीत, बरोबरसुद्धा नाही. नुसतं धरून ठेवलं आणि दाराकडे, जिथून सून येणार होती तिकडे, पाहिलं आणि मग तिच्याकडे. तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. पाच बोटं. अंगठ्याला जरा जोर लागला.

देवगावला शेंगांचं पोतं आलेलं होतं. दोघी बहिणी ओट्यावर बसून शेंगा फोडायच्या. सत्यभामानं भाऊजी कसे आहेत म्हणून विचारलं.

‘बरे हायेत. पोरगा दिसभर बसतो त्यांच्यापाशी.’

‘नशीब लागतं गं बाई त्याला,’ सत्यभामा म्हणाली.

आकाशचा फोन रोज यायचा. बाबांनी जेवण सोडलंय, एकदा म्हणाला, पण ते सांगायला फोन केलेला नव्हता. त्याची वही संपत आली होती आणि त्याला आणखी काही सुचत नव्हतं. बाबांच्या लहानपणचं काही, त्यांना जवळचं असं काही, आई, तूच सांग. पहिल्या दिवशी लीलाबाईनं सासूच्या माहेरचं गाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका बैलाचं नाव सांगितलं. सरांच्या घरी बैल कधीच नव्हते.

सहाव्या दिवशी फोन आला तेव्हा तिच्या हाताला शेंगांची माती लागली होती. सत्यभामानं फोन तिच्या कानाला धरला. मागं कुठंतरी सरांचा आवाज येत होता, शब्द नव्हता, नुसता आवाज. राजनंदिनी काहीतरी मोजत होती.

लीलाबाईनं थोडा विचार केला.

‘त्यांनी पयल्या सायकलीला नाव ठिवलं होतं,’ ती म्हणाली. ‘मला ठावं नाय काय ते. त्यांनाच इचार. नीट इचार.’

सत्यभामानं फोन बाजूला ठेवला. लीलाबाईनं सूप पुढं ओढलं आणि पोत्यात अजून किती शेंगा राहिल्यात ते हात घालून पाहिलं. दोन दिवसांचं काम तरी होतं.